हेडचे दहा बोल्ट

“गॅस्केटच भिकार निघालं. दुसरं काय? खोक्यावर चित्र झ्याक छापत्यात आन् आत पुठ्ठा भरत्यात लेकाचे.”

विकी बोनेटखाली डोकं घालून स्वतःशीच पुटपुटत होता. त्याला वाटत होतं, कुणाला ऐकू जात नाही. पण त्याची आई त्याच्या गुडघ्याशीच, जुन्या टायरवर फळी टाकून बसली होती, आणि अक्काबाईचे कान तिच्या चष्म्यापेक्षा चांगले होते. तिनं ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं आणि पाटीत डिझेल ओतलं. गॅस्केटला दोष देणं सगळ्यात बरं. गॅस्केटला वाईट वाटत नाही.

गाडी संभाजीरावांची. इंदापूरच्या अलीकडे त्यांचा ऊस, कारखान्याचे ते सभासद, आणि बोलायला मोकळा माणूस. त्यांची जुनी पांढरी डिझेल कार आज सकाळी ट्रॅक्टरमागे दोर बांधून बारामतीत आली होती, ती ओढून आणताना सगळ्या रस्त्यानं हसं झालं असं ते स्वतःच सांगत होते. ह्या गाळप हंगामातली गाडीची ही तिसरी खेप. पहिल्यांदा गॅस्केट गेलं, ते तिच्या वयाला शोभणारं होतं. पण नवं गॅस्केट घालून गेलेली गाडी थोड्याच दिवसांत तापून परत आली, आणि आता पुन्हा. रेडिएटरमधलं पाणी कुठं जातंय पत्ता नाही, मागून पांढरा धूर, आणि ऑइलचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा.

“मिस्त्री, गाडीला तुमचा लळा लागलाय,” संभाजीराव खुर्चीत बसता बसता म्हणाले. “घरी करमत न्हाय तिला.”

श्रीपती मिस्त्री हसला. विकी जरा जास्तच हसला. सून मेघना, जिला आज कंपनीची सुट्टी होती, ती चहाचे ग्लास गोळा करायला लागली. ग्लासांत अजून चहा होता.

इंदापूर रस्त्याला, गाव संपता संपता, पत्र्याचं ते गॅरेज. आत शिरलं की समोर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खिळ्यांवर मापानं टांगलेले पाने. श्रीपतीचा बाप सायकलींची पंक्चरं काढायचा. श्रीपती सायकलीवरून मोपेडवर आला, मोपेडवरून जीपवर, आणि जीपवरून अशा नावारूपाला की सुप्यापासून इंदापूरपर्यंत लोक म्हणायचे, श्रीपती मिस्त्रीनं बसवलेलं हेड पुन्हा उघडायला लागत नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अक्काबाईलाही कुणी शिकवलं नव्हतं. ती लग्नानंतर डबा घेऊन आली, डबा खाऊन होईपर्यंत बसायचं म्हणून बसली, आणि मग बसून काय करायचं म्हणून बोल्ट धुवायला लागली. तेव्हापासून धूतच होती.

बोल्ट धुता धुता बाईमाणसाला इंजिन कळतं. खालचा जड भाग म्हणजे ब्लॉक, त्यावर झाकणासारखं बसतं ते हेड, आणि दोघांच्या मधे ते पातळ गॅस्केट. पाणी पाण्याच्या वाटेनं जावं, ऑइल ऑइलच्या, आणि आग आपल्या जागी राहावी, एवढंच त्यांचं काम. एकत्र कुटुंबात असतं तसंच. आणि सगळ्यांना एकत्र दाबून धरायला दहा बोल्ट. ते ढिले राहिले तर वाटा एकमेकींत मिसळतात. जास्त आवळले तर लोखंडही ताणतं, एकदा ताणलं की परत आपल्या मापाला येत नाही, आणि मग त्याची पकड गेली ती गेलीच.

म्हणून हेड आवळायची वेळ आली की श्रीपती रेडिओ बंद करायचा. रस्त्यावरून उसाचे ट्रेलर गाणी वाजवत जायचे, ते जाईपर्यंत थांबायचा. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाण्याचा थेंब राहिला तर बोल्ट बसल्यासारखा वाटतो आणि बसलेला नसतो, म्हणून प्रत्येक भोक चिंधीनं कोरडं करायचा, न्हाऊन आलेल्या पोराचे कान पुसावेत तसं. आट्यांना ऑइलचं बोट. मग सगळे बोल्ट आधी नुसत्या हातानं फिरवायचे. मग पाना. आणि पाना लावायचा तो मधल्या बोल्टला. मधला, त्याच्या समोरचा, मग ह्या बाजूचा, मग त्या बाजूचा, असं करत करत कडेला. एका फेरीत कधीच पुरं आवळायचं नाही. पहिल्या फेरीत नुसती ओळख, दुसरीत दाब, आणि शेवटच्या फेरीत तो पाना असा हळू आणायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला झोप लागतेय की काय.

अक्काबाईनं लग्नाच्या नव्या नवलाईत विचारलं होतं, मधूनच का?

“भाकर कुठनं थापतीस?” तो म्हणाला होता.

“मधनं.”

“का?”

“कडेनं थापली तर मधी फुगीर ऱ्हाती.”

“मग इच्यारतीस कशाला?”

एवढंच. पण नवऱ्यानं आपल्याला मिस्त्रीच्या पंगतीला बसवलं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं, आणि त्यानंतर तिला सोनं नको होतं असं नाही, पण त्याची घाई उरली नव्हती.

शेवटच्या फेरीत तो कुठं थांबायचा, हे मात्र तिला कधीच कळलं नाही. पाना जात असायचा, आणि थांबायचा. पुढं आणखी जाऊ शकला असता, हे दिसायचं. तरी थांबायचा. “कसं कळतं वो?” असं विचारलं तर तो बोटांची टोकं एकमेकांवर घासून दाखवायचा, जसं पिठाचं भरड-बारीक बघतात तसं. “बोल्ट सांगतो. बास म्हणतो.” मेघना सून होऊन आली, एमआयडीसीत मोटारीच्या सुट्या भागांच्या कंपनीत जोडणीच्या लाइनीवर लागली, आणि एक दिवस स्वतःच्या पगारातून टॉर्क पाना घेऊन आली. त्याला माप लावून ठेवलं की तेवढा दाब झाल्यावर तो ‘टक्’ करतो. श्रीपतीनं तो कौतुकानं हातात घेतला. मग स्वतः आवळलेल्या एका हेडवर तिला लावायला सांगितला. दहाच्या दहा बोल्टांवर पाना लावला, की लावताक्षणी टक्. जरासुद्धा पुढं जाईना. मेघना जागच्या जागी उभी राहिली होती. “मामा, आमच्या मशीनलासुद्धा एवढं सारखं येत नाही,” ती म्हणाली होती. श्रीपतीनं तो पाना पुसून तिला परत दिला. “जप. चांगला हाय. माझ्यासारखाच हाय, फक्त जेवायला मागत न्हाय.”

ही गोष्ट श्रीपतीला शुगर निघायच्या आधीची.

शुगर निघाली, औषधं चालू झाली, आणि माणूस वरून बघायला तसाच राहिला. पण अक्काबाईनं एक दिवस बघितलं, त्यानं चहाचा उकळता ग्लास पूर्ण पंजात धरलाय आणि गप्पा मारतोय. दुसऱ्या दिवशी सायलेन्सरला बोट चिकटून फोड आला, तर तो संध्याकाळी जेवताना विचारतो, “हे कशानं गं?” शर्टाची बटणं लावायला आरसा लागायला लागला. विकी म्हणाला, थंडीनं बोटं आखडत्यात. थंडी गेली. मग मेघना म्हणाली, साबण बदलला पाहिजे, डिझेलनं कातडी मरते. साबण बदलला. अक्काबाई म्हणाली, पान्याची मूठ गुळगुळीत झालीया. तिला नवं रबर चढवलं. जी गोष्ट घरातल्या तिघांनाही दिसत होती, तिच्या आजूबाजूला असं सगळं बदलून झालं.

आणि मग संभाजीरावांची गाडी पहिल्यांदा परत आली. हेड उघडताना अक्काबाईनं ऐकलं, बोल्ट सुटताना जो कर्रकन आवाज यायला पाहिजे तो दोन-तीन बोल्टांना आलाच नाही. नुसते सुटले, घरच्या बरणीचं झाकण सुटावं तसे.

त्या दिवशी श्रीपतीनं नव्यानं हेड बसवलं. त्याच पद्धतीनं. रेडिओ बंद, ट्रेलर जाईपर्यंत दम, मधून कडेला, तीन फेऱ्या. बघताना जीव भरून यावा अशी ती कामाची रीत, तिच्यात एक तसूचा फरक पडलेला नव्हता. फरक फक्त शेवटाला होता, जिथं बोल्टानं सांगायचं आणि बोटांनी ऐकायचं.

मग अक्काबाईनं काय केलं, ते आज सगळ्यांसमोर यायची वेळ आली होती. अर्थात तिला ते अजून माहीत नव्हतं.

विकीनं हेड उचलून बाकड्यावर ठेवलं आणि बोल्ट आईकडे दिले. ते असेच द्यायचे नसतात. गॅरेजात एक पुठ्ठा होता, त्याला हेडच्या आकारानं दहा भोकं, ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोवायचा, म्हणजे पुन्हा आपापल्या घरी जातो. अक्काबाईनं एकेक काढून धुतला, वेस्टच्या, सुती दोऱ्यांच्या बोळ्यानं पुसला, आणि खिडकीची जुनी काच होती तिच्यावर डोकं खाली, पाय वर असा ओळीनं उभा करत गेली. काच सपाट. उन्हात बोल्टांची रांग झकास दिसते. शाळेच्या कवायतीसारखी.

आजच्या कवायतीत मधले दोघं बाकीच्यांपेक्षा उंच होते.

फार नाही. गर्दीत मागची बाई टाचा उंचावून बघते, तेवढेच. अक्काबाईनं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. एकाची मान आटे सुरू होतात तिथं बारीक झाली होती. ताणलेला बोल्ट असाच दिसतो. श्रीपतीनंच तिला दाखवला होता, दुसऱ्या कुणाच्या गॅरेजातून आलेल्या गाडीचा.

पण श्रीपतीचे तर हल्ली ढिले राहतात. मग हे ताणले कसे?

तिनं पदर खोचला, “विकी, जरा टायर सरकीव,” असं मोठ्यानं म्हणाली आणि गॅरेजच्या मागं गेली. विकी आला. मेघनालाही तिनं डोळ्यानं बोलावलं. टायरांच्या ढिगामागं तिघं उभे राहिले.

“मागल्या टायमाला तुला सांगितलं व्हतं, दादा जेवाया बसले की जरा बघून घे म्हणून. काय केलंस तू?”

“केलं की. तू सांगितल्यावर न्हाय कसं करीन?”

“काय केलं?”

“पाईप लावला पान्याला, जोर यावा म्हणून, आन् सगळ्यांना थोडं थोडं दिलं. दादांचं ढिलं असणार हे धरूनच चाललो व्हतो.”

“हाताला लागलं न्हाय तुझ्या, घट्ट हाय म्हणून?”

“एवढा लांब पाईप लावल्यावर काय लागतंय, आई?”

मेघनाचा हात तोंडावर गेला होता. “आत्या,” ती म्हणाली, “पण ते घट्टच होते. त्याच दिवशी, मामा जेवायला हात धुवायला गेले तेव्हा, मी दुपारच्या पाळीला जायच्या आधी येऊन टॉर्क पाना लावून गेले होते. चार ढिले होते, ते बरोबर टक् होईपर्यंत आणले. तुम्हीच सांगितलं होतंत ना मला? विकीचा हात रेमटा आहे, नको तेवढा जोर लावतो, त्याच्यावर सोडू नको म्हणून?”

विकीनं बायकोकडं बघितलं, मग आईकडं. “रेमटा?”

“ते ऱ्हाऊ दे आता,” अक्काबाई म्हणाली.

“न्हाय, मला कळू दे. मला सांगायचं तिला सांगू नको, तिला सांगायचं मला सांगू नको. आन् दोघांनी दादांना सांगायचं न्हाय. आई, आपल्या घरात एका इंजिनाला मिस्त्री किती?”

अक्काबाईला हसू आलं आणि हसू पुरं व्हायच्या आत डोळे भरून आले. नवऱ्याचा आब राखायला तिनं एकाला दोन राखणदार ठेवले होते, आणि राखणदारांनीच घर फोडलं होतं. मेघनानं जे बरोबर करून ठेवलं, त्यावर विकीनं पाईप लावला. प्रेमानंच लावला. लोखंडाला ते काय ठाऊक.

“मी दोन बोल्ट नवे आनतो,” विकी कुजबुजला. “हे दोन भंगारात टाकू. दादांना दिसायच्या आत. गॅस्केटचंच सांगू.”

“बाकीचेही बदलावे लागतील,” मेघना म्हणाली. “सगळे दहा.”

तिघं टायरामागून बाहेर आले तेव्हा उशीर झाला होता. श्रीपती काचेसमोर उकिडवा बसला होता. डोळे काचेच्या पातळीला आणून, एक डोळा मिटून, तो बोल्टांच्या रांगेकडं बघत होता. त्यानं त्यातला एक उंच बोल्ट उचलला, मानेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग बोट सोडून तो उजेडाला धरला आणि डोळ्यांनी बघितला.

“दादा, ते गॅस्केट बघितलं का, साफ...” विकीनं सुरुवात केली.

“गॅस्केटला काय झालं न्हाय,” श्रीपती म्हणाला. आवाज अगदी साधा. तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि बोल्ट घेऊन संभाजीरावांसमोर जाऊन उभा राहिला. “संभाजीराव, हे बगा. बोल्ट ताणलाय. दोन ताणलेत. मी जास्त आवळलं.”

संभाजीरावांनी बोल्ट घेतला, उलटासुलटा केला. त्यांना काही दिसलं नाही, पण माणसाचं तोंड दिसलं. “आवो मिस्त्री, व्हतंय की. एखाद्या बारीला.”

“हेडला एखाद्या बारीला नसतं. आवळणं कुनालाबी येतं, संभाजीराव. ताकद कुनाकडंबी असती. थांबायचं कुठं, एवढीच माझी विद्या व्हती. तीच ऱ्हायली न्हाय म्हणायची.” त्यानं खिशातली चिंधी काढून हात पुसले, एकेक बोट. “गाडीचं सगळं काम मी भरून देतो. आन् विकी, आजपास्नं हेडला तू हात लावायचा. मी लावनार न्हाय. पंक्चरं काढीन. बापाचं काम हाय, त्यात काय लाज न्हाय.”

रस्त्यावरून एक ट्रेलर गाणं वाजवत गेला. विकीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं अक्काबाईला दिसलं. मेघनाचं तोंड उतरलं होतं, पण तिनंही श्वास सोडला. आणि अक्काबाईला स्वतःच्या छातीतही तेच हललेलं कळलं. आपोआपच मिटलं की. वर्षभर ज्याला कसं सांगावं म्हणून तिघांनी साबण बदलले, मुठी बदलल्या, त्यानं आपणहून पाना खाली ठेवला. आता कुणी काही बोलायची गरज नव्हती. गप्प बसलं की झालं.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत शेकड्यानं हेडं बसवली, आणि गिऱ्हाइकासमोर उभा राहून, जी चूक त्यानं केलीच नव्हती ती तो इतकी नीटनेटकी सांगत होता, की तिच्या मनात आलं, काय माणूस आहे हा. गॅस्केट समोर होतं. थंडी होती. पाना, मूठ, ड्रायव्हर, पाणी, सगळी निमित्तं आयती हाताशी होती. एकाला त्यानं हात लावला नाही. आणि आता हा माणूस उरलेलं आयुष्य पंक्चर काढत हेच धरून बसणार, की आपल्याला थांबायचं कळलं नाही. ज्याला उभ्या जन्मात तेवढं एकच सगळ्यांपेक्षा जास्त कळलं, त्याचंच तेवढं एक खोटं ठरणार. तेही तिच्या गप्प बसण्यानं.

श्रीपती पाना खिळ्याला अडकवत होता. पान्याचं भोक आणि खिळा यांची गाठ पडेना. त्यानं मान वाकडी करून बघितलं, आणि डोळ्यांच्या मदतीनं अडकवला.

“अवो,” अक्काबाई म्हणाली.

“काय?”

“तो पाना काढा खाली आन् हिकडं बगा.”

“आई,” विकी हळूच म्हणाला. “ऱ्हाऊ दे.”

“तू गप. लई गप बसवलं मी समद्यांना, आता मला बोलू दे.” तिचे हात डिझेलनं ओले होते, ते तिनं पदराला पुसले, हे ती एरवी कधी करत नसे. संभाजीराव उठायला लागले, घरचं बोलणं म्हणून. “तुमीबी बसा, संभाजीराव. तुमच्या गाडीचंच हाय.” मग ती नवऱ्याच्या समोर आली. “बोल्ट तुमी ताणला न्हाय. मेघनानं एकदा आवळला आन् त्याच्यावर विकीनं पाईप लावला, दोघांनाबी मीच सांगितलं व्हतं, तुमी जेवाया बसल्यावर, तुमच्या माघारी. तुमी जास्त न्हाय आवळलं. तुमचे ढिले ऱ्हायले व्हते. पयल्या टायमालाबी ढिलेच ऱ्हायले व्हते. बोल्ट आजूनबी बास म्हणतोय, पर तुमच्या बोटांत जीव न्हाय उरला, त्यास्नी आयकू येत न्हाय. आमा तिघांनाबी वर्सापास्नं ठावं हाय, आन् धनी, तुमालाबी ठावं हाय.”